७४व्या पानावरची खूण

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, ती जाडजूड कादंबरी दीड महिना तुझ्या उशाशी आहे आणि खूण ७४व्या पानापुढे सरकत नाही, असं तू कळवलंस. त्याचं एवढं काही नाही. पण या दीड महिन्यात तू दुसरंही काही वाचलं नाहीस, ते खटकलं. कशेडी घाटात एक ट्रक बंद पडला की मागे सगळी रांग लागते, तसं झालंय तुझं. ‘हे संपवल्याशिवाय दुसरं हातात घ्यायचं नाही’ हा नियम तुला कुणी घालून दिला कोण जाणे. तो आजच मोड.

आधी हिशोब करू. डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या, आकाराच्या पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात. तू मिनिटाला पावणेदोनशे शब्द वाचतेस असं धरलं, तर ३५० पानांना नऊ तास लागतील. त्यातले दोन तू देऊन बसलीस. ते आता पुस्तक संपवलंस तरी गेले आणि टाकलंस तरी गेले. ठरवायचंय ते उरलेल्या सात तासांचं काय करायचं, एवढंच.

सिएटलच्या माजी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक नियम वाचणाऱ्यांत चांगला रुळलाय. पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पुस्तक सोडण्याआधी त्याला ५० पानं द्यावीत. पन्नाशी उलटली की १००मधून आपलं वय वजा करावं. म्हणजे तुला ५० पानं आणि सत्तरीच्या आजोबांना ३०. नियम चांगला आहे, पण पानं मजकुराची मोज. आपल्याकडे प्रस्तावनाच कधीकधी वीस पानं खाते आणि वर शेवटही सांगून टाकते. ती नंतर वाचावी. कवितासंग्रहाला हा नियम लावू नये, आणि परीक्षेच्या पुस्तकाला लावायचा तर निकालाची तयारी ठेवून.

५० पानांनंतरही जमत नसेल, तर दोष कुणाचा ते बघ. बरेचदा तो पुस्तकाचा नसतो. रात्री साडेदहाला, शेजारी मोबाइल उजळत असताना कुठलंही पुस्तक नीरसच लागतं. तीच दहा पानं दोन दिवस सकाळी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, वीस मिनिटं वाचून बघ. मोठ्या कुटुंबाची कादंबरी असेल तर पहिल्या ४० पानांतच पंधरा माणसं येऊन जातात, आणि चार दिवसांचा खंड पडला की कोण कुणाचा मेहुणा ते आठवत नाही. मग माणूस पुस्तकावर वैतागतो. खुणेच्या पट्टीवरच नावं आणि नाती लिहून ठेव. संवाद मालवणीत असतील तर दोन पानं मोठ्याने वाच. तुला मालवणी कानाने येते, डोळ्यांना तिची सवय नाही. अनुवाद असेल आणि वाक्यावाक्याला मूळ भाषा खालून डोकावत असेल, तर त्याच पुस्तकाचा दुसरा अनुवाद मिळतो का ते विचार.

एवढं करूनही हात त्या पुस्तकाकडे जात नसेल, तर शेवटची परीक्षा. पुस्तक मीट आणि पुढे काय होणार याबद्दल मनात एक तरी प्रश्न उरतोय का बघ. नसेल तर सोड. पण जड आणि कंटाळवाणं यांत गल्लत करू नकोस. जड पुस्तकाने दमायला होतं, तरी त्यातलं एखादं वाक्य भांडी घासताना आठवतं. कंटाळवाण्यात आपण उरलेली पानं मोजतो. आणि पुस्तकाचा राग येत असेल तर थोडं थांब. राग येतो म्हणजे ते तुझ्याशी बोलतंय.

सोडायचं ठरलं की वहीत तारीख, पान आणि कारण लिही. ‘बोअर झालं’ हे कारण नव्हे. ‘प्रत्येक प्रसंगानंतर लेखक त्याचा अर्थ समजावत बसतो’ हे कारण झालं. अशा दहा-बारा नोंदी झाल्या की आपल्याला काय चालत नाही ते दिसतं आणि पुढची निवड सुधारते.

काही पुस्तकं सोडायची नसतात, नुसती थांबवायची असतात. आढीतला आंबा रोज दाबून बघितला तर नासतो. वास सुटला की कळतं. तशी दोन-तीनच पुस्तकं ठेव, जास्त नकोत. पुढच्या मृगापर्यंत आठवण झाली नाही तर त्यांचीही नावं सोडलेल्यांत टाक. खुणेला कागदाची पट्टीच वापर. लोखंडी क्लिप आपल्या खाऱ्या, दमट हवेत एका पावसाळ्यात गंजते आणि पानावर तपकिरी डाग पडतो तो कायमचा.

तुझी ही कादंबरी वाचनालयाची आहे, म्हणजे अर्धा गुंता सुटला. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यात ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ आहे आणि ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हेही आहे. तुझ्या उशाशी ते पुस्तक दोन्ही सूत्रं मोडत पडलंय. देवघेवीच्या टेबलावर ‘पूर्ण वाचलं का’ असं कुणी विचारणार नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८पासून आणि चिपळूणचं वाचन मंदिर १८६४पासून पुस्तकं देतंय-घेतंय. अर्धवट वाचून परत आलेली तिथे थोडी का असतील!

उद्या ते प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ने, पावसाचा भरवसा नाही. येताना कथासंग्रह आण, दीडशे पानांच्या आतला. पहिली कथा वाच, मग जिचं नाव संग्रहाला दिलंय ती, मग मधलीच कुठलीतरी एक. तिन्ही नाही आवडल्या तर आठवड्याच्या आत तोही परत कर.

कळावे, लोभ आहेच.