घटस्फोटाची याचिका प्रलंबित असताना परराज्यात बदली : मुलाला सोबत नेता येईल का?

आपल्या पत्रानुसार, पतीने नाशिकच्या कुटुंब न्यायालयात घटस्फोटाची याचिका दाखल केली असून आपली कैफियत (याचिकेला लेखी उत्तर) देऊन झाली आहे. सात वर्षांचा मुलगा आपल्याजवळ राहतो आणि दर रविवारी वडिलांकडे जातो. ही व्यवस्था तोंडी ठरलेली आहे. ताब्याबाबत लेखी आदेश नाही. बँकेने पदोन्नतीवर आपल्याला बेळगावला नेमले असून जूनमध्ये रुजू व्हायचे आहे, आणि राज्य सोडल्यास ते आपल्याविरुद्ध जाईल काय, असे आपण विचारता.

आपल्या स्वतःच्या जाण्याला कायद्याची आडकाठी नाही. मात्र रीतसर दाखल झालेली याचिका पक्षकाराच्या मागोमाग दुसऱ्या गावी जात नाही, त्यामुळे तारखा नाशिकलाच लागतील. जाण्यापूर्वी पत्ता बदलल्याची पुरशीस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) वकिलांमार्फत दाखल करा. नोटीस जुन्या घरी जाऊन प्रकरण एकतर्फी चालले आणि हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम निर्णय) झाला, तर तो रद्द करून घेण्यासाठी 30 दिवसांत अर्ज करावा लागतो आणि गैरहजेरीचे सबळ कारणही द्यावे लागते. एरवीच्या तारखांना वकील गैरहजेरी माफीचा अर्ज देऊ शकतात. समुपदेशन आणि उलटतपासणी यांसाठी मात्र आपल्याला स्वतः यावे लागेल, असे धरून रजेचा हिशेब करा.

खरा प्रश्न मुलाचा आहे, आणि त्याबाबत मी आपल्याला आग्रहाने सांगते. लेखी आदेश नाही म्हणून त्याला परस्पर घेऊन जाऊ नका. आदेश नसल्याने न्यायालयाचा अवमान होणार नाही हे खरे, पण शाळेचा दाखला काढून मुलगा एका रविवारी अचानक भेटेनासा झाला, की पती तातडीने ताब्याचा अर्ज करतील आणि आपण बाप-लेकाची भेट तोडली हाच मुद्दा पुढे कायम आपल्याविरुद्ध मांडला जाईल. त्याऐवजी हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 26 खाली आपणच अंतरिम अर्ज करून, मुलगा आपल्या ताब्यात राहावा व त्याला बेळगावला नेण्यास परवानगी मिळावी, अशी मागणी करा. नेमणुकीचे पत्र, नव्या शाळेच्या प्रवेशाची माहिती आणि आपण शाखेत असताना मुलाकडे कोण पाहणार याचा तपशील सोबत जोडा. रविवारच्या भेटी बंद होणार असल्याने त्यांच्या बदल्यात दिवाळीची अर्धी सुट्टी, उन्हाळ्यातील काही आठवडे आणि ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, असा ठोस प्रस्ताव आपणहून द्या. न्यायाधीश सर्वांत आधी तोच वाचतात, कारण कसोटी मुलाच्या हिताची असते. आईच्या नोकरीलाही त्या विचारात स्थान आहे. विक्रम वीर व्होरा विरुद्ध शालिनी भल्ला या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आईला मुलासह ऑस्ट्रेलियाला जाण्याची मुभा कायम ठेवली होती.

याचिकाच बेळगावला वर्ग करून घ्यायची असल्यास, दोन राज्यांचा प्रश्न असल्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 खाली सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. पत्नीची गैरसोय तेथे गांभीर्याने पाहिली जाते. तरीही आपण कमावत्या आहात आणि कैफियतही दाखल आहे, म्हणून आज त्या खर्चात पडू नये असे माझे मत आहे.

मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी लागते. पतीला आपले म्हणणे मांडण्यास मुदत द्यावी लागेल, हे लक्षात घेऊन अर्ज एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात दाखल करा आणि आदेश हाती येईपर्यंत शाळेचा दाखला काढू नका.