ताप उतरला की जास्त लक्ष ठेवायचं

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. आमच्या गल्लीत पंधरा दिवसांत डेंग्यूचे तीन पेशंट झाले आणि परवापासून माझ्या नऊ वर्षांच्या पोराला १०२ ताप आहे, रक्ताचा रिपोर्ट उद्या मिळेल. फॅमिली ग्रुपवर सारखं काहीतरी येतंय, कोणी म्हणतं पपईच्या पानांचा रस पाज, कोणी म्हणतं प्लेटलेटची सोय आत्ताच करून ठेव. सासूबाईंनी शेजारच्या पेशंटकडे जाणंयेणं बंद केलंय. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्यासमोर "रोगराई घेऊन जा गे मारबत" असं अगदी मनापासून ओरडले होते हो मी. रात्रभर झोप नाही, काय करू?

उत्तर: ताई, शेजारणीकडे खुशाल जा, जमलं तर डबाही द्या. डेंग्यू शिवल्याने किंवा जवळ बसल्याने होत नाही, एडिस डास पेशंटला चावतो आणि आठ-दहा दिवसांनी तोच डास दुसऱ्याला चावला की होतो. म्हणून पोराला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, हा डास मुख्यतः दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी वजनावर सांगितलं तेवढंच. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक अजिबात नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो, आणि घरात अंगदुखीची म्हणून जी गोळी पडलेली असते ती बऱ्याचदा यातलीच असते. ओआरएस, पेज, ताक, नारळपाणी घोटघोट चालू ठेवा.

आता नीट वाचा. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, घरातले म्हणतात चला सुटलो, आणि नेमके त्यापुढचे २४ ते ४८ तास जपायचे असतात, कारण तेव्हा काही पेशंटमध्ये रक्तातलं पाणी नसांमधून बाहेर झिरपायला लागतं. पोट खूप दुखणं, उलट्या न थांबणं, नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, पोरगं सुस्त किंवा एकदम चिडचिडं होणं, सहा तासांत लघवी नाही, यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा, मेडिकल कॉलेजचं, मेयो, जे सरकारी हॉस्पिटल जवळ असेल ते.

प्लेटलेटच्या आकड्याने लोक उगाच घाबरतात. नॉर्मल दीड ते साडेचार लाख, डेंग्यूत लाखाच्या खाली जाणं नेहमीचं आहे आणि बहुतेकांच्या आपोआप वर येतात. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय चढवायचा विचार करत नाहीत. त्यापेक्षा रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, वाढतंय का ते डॉक्टरांना विचारा, पाणी झिरपतंय का ते त्यावरून कळतं. पपईच्या रसावर विसंबू नका, त्या कडू रसाने उलटी झाली तर आहे ते पाणीही जाईल. आणि ग्रुप चार दिवस म्यूट करून एक वही घ्या, ताप किती, पाणी किती प्यायला, लघवी कधी झाली, वेळेसकट लिहा. डॉक्टरांना याचा खूप उपयोग होतो, आणि हाताला काम असलं की जीवही थोडा थाऱ्यावर येतो, हे मी घरच्या आजारपणात अनुभवलंय.

अजून एक, खिडकीतला कूलर. आपल्या नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्रीला लावलेला कूलर पावसाळाभर तसाच राहतो, टाकीत पाणीही तसंच. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही कारण अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. ब्रशने घासा, उन्हात वाळवा, आतलं गवत फेका. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालच्या बशा, गच्चीवरचं टायर, सगळं आठवड्यातून एकदा रिकामं झालंच पाहिजे.

प्रश्न: आमच्या कॉलनीत धुराची फवारणीच होत नाही, तक्रार कुठे करू? (हुडकेश्वर)

उत्तर: दादा, महानगरपालिकेच्या झोन ऑफिसात करा, नक्की करा. पण धुराने फक्त उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्याभरात नवे डास तयार. तक्रार देऊन घरी आलात की आधी गच्चीवर जाऊन बघा.