सरकारी जंगलातून पुढच्या 60 वर्षांत किती लाकूड मिळेल, हे आज कसं सांगतात? आणि तो आकडा कितपत खरा मानायचा?

60 वर्षांनी तोडायच्या सागापैकी बराचसा आज रानात उभा असतो. त्यामुळे निम्मं काम मोजदादीचंच.

यातली जुनी युक्ती ब्रह्मदेशातली. 1856 मध्ये पेगूची सागवनं डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती आली. तिथल्या रानात वही-पेन्सिल चालेना, म्हणून हा गडी हत्तीवर बसून बांबूच्या तुकड्यांवर चाकूने खाचा पाडत झाडं मोजायचा. घेराप्रमाणे चार वर्ग केले, सहा फुटांवरची झाडं पहिल्या वर्गात. दुसऱ्यातलं झाड पहिल्यात यायला त्याच्या हिशेबाने 24 वर्षं लागत. मग पहिल्या वर्गातला चोविसावा हिस्साच दरवर्षी तोडायचा, अर्थात मागून येणारी झाडं तेवढी असतील तर!

आजही गाभा तोच आहे. मी चंद्रपूरकडे कार्य आयोजनेच्या, म्हणजे वनखात्याच्या जंगल व्यवस्थापनाच्या आराखड्याच्या, मोजणीला जायचो. नमुना प्लॉटमधल्या प्रत्येक झाडाला जमिनीपासून 1.37 मीटरवर टेप गुंडाळायचा. त्याआधी वेल बाजूला सारायचे, वाळवीने चढवलेली माती खरवडायची. नाहीतर झाड कागदावरच जाड होतं. मग जमिनीची प्रत ठरवून तक्त्यावरून वाढ काढायची.

वाढीत थोडंफार इकडेतिकडे होतंच. खरी गोची क्षेत्राची. नकाशावरच्या हिरव्या रंगातून चढाची जमीन, नाल्यांचे काठ, अतिक्रमणं, वाघांचे भ्रमणमार्ग वजा करत गेलं की तोडीला उरतं ते बरंच आक्रसतं. आणि ही वजाबाकी दर आयोजनेत, म्हणजे साधारण 10 वर्षांनी, बदलते. कधी त्याआधीच. 12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेबाहेरची तोड थांबवली. हे कुठल्या तक्त्यात बसणार? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात तर भुंग्याने पाइनची जंगलंच्या जंगलं वाळवली. मेलेलं लाकूड वाया जाऊ नये म्हणून काही वर्षं तोड वाढवली आणि पुढच्या वर्षांचा पुरवठा घटला.

म्हणून 20 वर्षांपर्यंतचा आकडा मी बऱ्यापैकी धरून चालतो. त्यापुढचा ‘आजचे नियम आणि आजचं क्षेत्र कायम राहिलं तर’ एवढ्याच अर्थाने वाचतो. तुमच्या भागाचा आकडा तपासायचा असेल तर माहिती अधिकारात कार्य आयोजना मागवा. एकूण घनमीटर नंतर बघा. आधी कोणतं क्षेत्र वगळलंय आणि झाडं कोणत्या साली मोजलीत, ते पाहा.