दप्तराचे ३२५ रुपये

"ताई, पैशाचा विषय काढला की मी हावरट ठरते," असं म्हणत मानसीनं पिशवीतून कालनिर्णयची फाडून आणलेली पानं काढली. सप्टेंबर ते डिसेंबर. चौकोनांत दुधाचे खाडे, गॅस कधी लागला, बाईच्या सुट्ट्या. सप्टेंबरच्या पानावर दोन हस्ताक्षरं होती, पुढे एकच. (दोघांची नावं बदलली आहेत, तपशीलही थोडे.)

वेगळं व्हायचं ठरलंय, घटस्फोट व्हायचाय, तोवर घर कोणी चालवायचं? माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारी बहुतेक जोडपी या प्रश्नाशी अडतात आणि विचारायला लाजतात. अकरा वर्षांचा संसार मोडत असताना हप्त्याचं काय बोलायचं, असं त्यांना वाटतं. माझं म्हणणं असं, की बॅग भरली त्याच आठवड्यात बोलावं. न बोललेला पैसा पुढे प्रत्येक भांडणात येऊन बसतो.

मानसीचा नवरा निखिल भावाकडे राहायला गेला होता. पुण्यातला फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर, हप्ता २८,५०० रुपये. "जो राहतो त्यानं भरावं," म्हणून नोव्हेंबरपासून त्यानं हप्ता थांबवला आणि बँकेचे फोन मानसीला यायला लागले. सहकर्जदार म्हणून पूर्ण हप्त्याची जबाबदारी दोघांवरही असते. हप्ता थकला की दोघांचाही सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जासाठीची पत, पडतो. घटस्फोटाच्या कागदात 'कर्ज पती फेडेल' असं लिहिलं, तरी बँक तिचं नाव काढत नाही तोवर ती मोकळी होत नाही. हे सांगितल्यावर निखिल पहिल्यांदा सरळ बसला.

मला मात्र ऑक्टोबरच्या पानानं जास्त अस्वस्थ केलं. एका चौकोनात 'दप्तर ६५०', खाली लाल पेनानं 'आले ३२५'. मुलीच्या प्रत्येक वस्तूचं बिल तो फोटो काढून मागवायचा आणि मोजून निम्मे पाठवायचा. ही बोलणी फोनवर, पोरीच्या देखत. डिसेंबरच्या पानावर 'सहल ८००' लिहून त्यावर काट मारली होती. "तीच म्हणाली, आई, मला नाही जायचं." चौथीतली मुलगी.

मग दोघांना एकत्र बोलावलं आणि वेगवेगळ्या कागदांवर मुलीचा महिन्याचा खर्च लिहायला सांगितला. त्यानं लिहिले ५,०००, तिनं १४,०००. तो खोटं बोलत नव्हता. रिक्षावाले काका, क्लास, मैत्रिणींच्या वाढदिवसाच्या भेटी, दर पावसाळ्यातला खोकला आणि औषधं, हे त्यानं कधी स्वतः भरलंच नव्हतं. तासाभरानं आकडा १२,००० वर आला.

निम्मं-निम्मं ऐकायला बरोबर वाटतं. पण त्याच्या हातात महिन्याला ९०,००० येतात, तिच्या हातात ४५,०००. म्हणून दोनास एक. मुलीसाठी त्याचे ८,०००, पाच तारखेच्या आत, बिल न मागता, तिचे ४,०००. हप्त्यात त्याचे १९,०००, तिचे ९,५००. "म्हणजे मी बाहेर राहून तिच्या घराचे पैसे भरायचे?" निखिलचा हा प्रश्न मला रास्त वाटला. म्हणून सोसायटीचा मेंटेनन्स आणि लाइटबिल तिच्याकडे दिलं. शिवाय कागदावर लिहिलं, की ही सोय सहा महिन्यांपुरती; कोणी किती हप्ता भरला ते फ्लॅटच्या शेवटच्या हिशोबात धरायचं आणि यामुळे कोणाचाही हक्क सुटत नाही. ही ओळ लिहून घ्याच. तोंडी ठरलेलं चिडल्यावर कोणाला आठवत नाही.

"पण ताई, अर्ध्यावर माझा हक्क असतोच ना?" हा गैरसमज फार जणींचा आहे. गोव्यात सहसा लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. महाराष्ट्रात हिंदू विवाहाला तसा नियम नाही. घर कोणाच्या नावावर आणि पैसे कोणी घातले, हे पाहिलं जातं. पोटगी हा वेगळा विषय. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली केस चालू असतानाही ती मागता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही आपली कमाई, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर मांडावी लागतात. त्यामुळे पगाराच्या स्लिपा आणि पासबुकं आधीच जमवा.

दागिन्यांवरून सासूबाईंचा निरोप आला होता, 'आमच्याकडचं सोनं परत द्या.' लग्नात सुनेच्या अंगावर घातलेलं सोनं, माहेरचं असो की सासरचं, तिचं स्त्रीधन आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ सालीच सांगितलंय, की स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नव्हे. लॉकर दोघांच्या नावावर होता. एकत्र जाऊन यादी करा, दोघांनी सह्या करा, एवढंच मी सुचवलं. निखिलनंच आईची समजूत घातली.

घरात मारहाण असेल, धमक्या असतील, तर असं समोरासमोर बसायला मी कोणालाच सांगत नाही. तिथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जावं. खर्चाचे पैसे आणि राहत्या घरातून न काढण्याचा आदेश, दोन्ही त्यातून मागता येतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी.

फेब्रुवारीत मानसी एकटी आली, जानेवारीचं पान घेऊन. चार तारखेच्या चौकोनात '८,००० आले'. खाली कंपासपेटीचा, बुटांचा कसलाही हिशोब नव्हता. दोन आठवड्यांनी एका चौकोनात पेन्सिलीनं, लहान मुलाच्या अक्षरात 'बाबाकडे' असं लिहिलं होतं.

फ्लॅट विकायचा की निखिलनं तिचा हिस्सा विकत घ्यायचा, यावर गुरुवारी दोघं येणार आहेत. येताना बँकेकडून किती मुद्दल उरलंय त्याचं पत्र आणायला सांगितलंय.