बर्फ वितळायची वाट पाहू नकोस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

जिओकॅशिंग, म्हणजे कुणीतरी लपवलेल्या डब्या जीपीएसवरून शोधायचा तो खेळ, एप्रिलमध्ये सुरू करीन म्हणतोस. मिनियापोलिसमध्ये एप्रिलची वाट पाहत बसलास तर हिवाळाभर खोलीतच कोंडून घेशील. आत्ताच निघ. पानं झडलीत, झुडपांतून आरपार दिसतं, डास नाहीत की गोचिडी नाहीत.

मात्र थंडीत अर्धा शोध घरी बसूनच लागतो. प्रत्येक डबीला लपवणुकीची अवघडता आणि वाटेचा कस असे दोन आकडे असतात, १ ते ५. तू सध्या दोन्हींत दीडच्या वर जाऊ नकोस. डबीच्या माहितीत हिमकणाचं चिन्ह असेल तर ती हिवाळ्यातही मिळू शकते, असं लपवणाऱ्याचं म्हणणं. माझा जास्त भरवसा आधीच्या शोधणाऱ्यांनी तिथे टाकलेल्या जुन्या नोंदींवर. गेल्या जानेवारी-फेब्रुवारीत ती कुणाला सापडली होती का, ते खालपर्यंत वाच. जमिनीलगतची डबी फूटभर बर्फाखाली असणार, त्यात फोनचं जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवणार. मग किती बर्फ उपसशील? त्यापेक्षा फांदीला टांगलेली किंवा लोखंडी कठड्याला चुंबकाने चिकटवलेली निवड.

मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच दुसऱ्या दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात या खेळातली पहिली डबी म्हणून एक बादली लपवली. तिच्यातही वही होती. आजही वहीत नाव लिहिल्याशिवाय शोध पुरा होत नाही, म्हणून पेन्सिल ने. बॉलपेनची शाई इथल्या गारठ्यात लिहीत नाही. फोन आतल्या खिशात, अंगाशी ठेव, नाहीतर बॅटरी बघता बघता उतरते. झाकण गोठलं असेल तर हिसका देऊ नकोस. थंडीत प्लॅस्टिक तडकतं, आणि ती डबी कुणीतरी स्वतःच्या पैशाने, हौसेने ठेवलेली असते. हातात धरून ऊब दे, उघडेल.

आणि पावलं! बर्फात तुझा माग थेट डबीपर्यंत जातो, मग येणारा-जाणारा ती उचलून नेतो. काम झालं की तसाच पुढे चालत जा, आणखी दोन-चार झाडांपाशी घुटमळ. दुसऱ्यांच्या पावलांवर मात्र विसंबू नकोस, बहुतेक कुत्री फिरवणाऱ्यांची असतात.

गोठलेल्या तळ्यावरून जायची वाट असेल तर ती डबी यंदा सोड. चालायला किमान चार इंच घट्ट, स्वच्छ बर्फ लागतो असं इथलं सरकारी खातं सांगतं. तो जोखायला तू अजून शिकलेला नाहीस. या बाबतीत मी तुझं काही ऐकणार नाही.

सापडली नाही तरी तशी नोंद टाक. डबी हरवल्याचं मालकाला त्यावरूनच कळतं.

डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो. तेव्हा शनिवारी जेवून बाराला बाहेर पड, आणि कुठे चाललास ते रूममेटला सांगून जा.

तुझी,
मावशी