दिसेनासा झालेला दात

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. चतुर्थीला आम्ही साखळीजवळच्या आमच्या मूळ घरी होतो. पावसाने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. धावत येताना तो चिऱ्याच्या कडेवर तोंडघशी पडला. खूप रक्त आलं. वरच्या पुढच्या दोन दातांपैकी एक दिसेनासाच झाला. सगळं अंगण शोधलं, मिळाला नाही. रात्री दाखवलं तिथे ‘दुधाचाच दात, सोडून द्या’ म्हणाले, एक्स-रे काढला नाही. आता तीन आठवडे झाले आणि शेजारचा दात राखाडी पडत चाललाय. सासूबाई म्हणतात काढून टाका, नवरा म्हणतो थांबूया. मी नेवऱ्या तळत होते म्हणून माझं लक्ष नव्हतं, हे मनातून जात नाही.
– एक आई, वास्को

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्याचं आधी बोलते. या वयात मूल पळायला शिकतं, पण पडताना वेळेवर हात पुढे करणं अजून नीट जमत नसतं. त्यामुळे आधी तोंडच आपटतं. माझी मुलगी बाल्कांवातल्या दगडी बैठकीवर आपटली तेव्हा मी हातभर अंतरावर बसले होते. रोज लहान मुलांचे दात बघणारी मी, पण तिचं रक्त पुसताना माझेही हात कापत होते. लक्ष असूनही हे होतं, ताई. तेवढं मनावरून उतरवा.

आता दात. तो मिळाला नाही याचा अर्थ तो पडला असा नाही. जोराच्या आघाताने दुधाचा दात सरळ वर, हिरडीच्या आत घुसतो आणि बाहेरून तिथे नुसती जखम दिसते. माझा अंदाज तोच आहे, पण अंदाजावर राहायचं नाही. याच आठवड्यात एक्स-रे काढून घ्या. दात आत नसेलच, तर तो गिळला गेला असावा. तो शौचावाटे निघून जातो. मात्र पडल्यापासून मुलाला खोकला लागला असेल किंवा श्वासाला घरघर असेल, तर दात श्वासनलिकेत गेल्याची शंका घ्यायची आणि थेट इस्पितळ गाठायचं. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे, गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ, तिथे लागूनच आहे. वास्कोहून तुम्हाला तेच बरं पडेल.

दात आत असेल, तर सासूबाईंना माझ्या वतीने सांगा, काढायची घाई नको. असा दात बहुतेक वेळा आपणहून खाली येतो. सहा महिन्यांत येतो, कधी वर्षही लागतं. ओढून खाली आणायचा नाही, बोटाने हलवून पाहायचा नाही. कारण दुधाच्या दाताच्या मुळाच्या मागेच कायमचा दात तयार होत असतो. अडीच वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत तो खुब्याच्या शिंपल्याच्या तुकड्यासारखा दिसतो, पातळ आणि अर्धवट. माझी सगळी काळजी त्याची असते. आघात त्याच्यापर्यंत पोचला असेल, तर सातव्या-आठव्या वर्षी येणाऱ्या दातावर पांढरा किंवा तपकिरी डाग दिसू शकतो. झालेला आघात आपण पुसू शकत नाही, पण खटपट करून त्यात भर घालायची नाही, एवढं नक्की हातात आहे. ‘सोडून द्या’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे. दाताला हात लावायचा नाही, हे बरोबर. त्याच्याकडे बघायचंच नाही, हे चूक.

राखाडी रंगाची भीती बाळगू नका. आतल्या नसेला मार लागून रक्त झिरपलं की दात असा दिसतो. काही महिन्यांनी काही दात उजळतात, काही पिवळट होतात, काही पडेपर्यंत राखाडीच राहतात. नुसत्या रंगासाठी दात काढायचा नाही, रूट कॅनालही करायचं नाही.

बघायचं ते असं. आठवड्यातून एकदा, उजेडात, तुम्ही आणि नवरा समोरासमोर गुडघे टेकवून बसा. मुलाला आडवं करा, डोकं नवऱ्याच्या मांडीवर, पाय तुमच्या कमरेशी. ओठ बोटाने हलकेच वर उचला. हिरडीवर मुगाच्या दाण्याएवढी पुळी, पू, सूज किंवा आधीपेक्षा जास्त हलणारा दात दिसला, मूल दुखण्याने रात्री उठायला लागलं किंवा ताप आला, तर थांबायचं नाही. मग मात्र काढावा लागू शकतो. मोबाइलवर दर वेळी एकाच खिडकीपाशी फोटो काढा. दात किती खाली आला ते मला सांगण्यापेक्षा फोटोत चटकन कळतं.

घास मऊ असू द्या. पेज, तिझान (नाचणीची गोड खीर), कुस्करलेलं केळं. पोईचा, म्हणजे आपल्या गोव्याच्या पावाचा, कडक तुकडा पुढच्या दातांनी तोडायला नको. बाटली असेल तर हेच निमित्त करून सोडवा. ब्रश मात्र बंद करू नका. जखम आहे म्हणून आया ब्रश थांबवतात आणि हिरडी त्यानेच चिघळते. तपासणी आत्ता, मग सहा-आठ आठवड्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि कायमचे दात यायच्या सुमारास, सहाव्या वर्षी.

प्रश्न : सात वर्षांच्या नातवाचा पुढचा दात खेळताना मुळासकट बाहेर आला. दुधाचा समजून आम्ही फेकला. चूक झाली का?
– एक आजोबा, पेडणे

उत्तर : आजोबा, सातव्या वर्षी समोरचा दात कायमचा असण्याचीच शक्यता जास्त. तो रुंद असतो, किंचित पिवळसर, कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. नातवाला लवकर दाखवा, रिकाम्या जागेचं काय करायचं ते ठरवता येईल.

इतर वाचकांसाठी सांगते. निखळलेला दुधाचा दात परत बसवायचा नाही, त्याच्या मागे तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. कायमचा मात्र लगेच बसवायचा. मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरा, माती लागली असेल तर दुधाने हलकेच धुवा, घासू नका, खाचेत बसवून मुलाला स्वच्छ कापड चावून धरायला सांगा आणि दवाखान्यात या. बसवायचा धीर होत नसेल तर दात थंड दुधात ठेवून तासाभराच्या आत पोचा. अगदी जपून, कोरड्या रुमालात गुंडाळून आणलेले दात माझ्यापुढे उलगडले जातात तेव्हा फार वाईट वाटतं. मुळावरच्या जिवंत पेशी वाटेतच सुकून गेलेल्या असतात, आणि दूध तर कोपऱ्यावरच्या दुकानात होतं.