शंका-समाधान : एकाच मशिनवर डेटाबेसची दोन व्हर्जन्स

(कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीत टाइप करा. जोडरेघा आणि अधोरेषा जिथल्या तिथे ठेवा.)

प्रश्न : ग्रंथालयाच्या संगणकावर उबुंटू २०.०४ होतं, ते २२.०४ केलं. आता पोस्टग्रेस या डेटाबेसची दोन व्हर्जन्स दिसतात, १२ आणि १४. प्रोग्रॅम नीट चालतोय. जुनं १२ उडवून जागा मोकळी करू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अजिबात नको. तुमचा सगळा डेटा १२ मध्येच आहे आणि १४ बहुधा रिकामं आहे. सिस्टिम अपग्रेड करताना नवं पोस्टग्रेस जुन्याच्या शेजारी येऊन बसतं, पण डेटा आपणहून तिकडे जात नाही. दर मोठ्या व्हर्जनला डेटा फोल्डरची आतली मांडणी बदलते. त्या फोल्डरमध्ये 'पीजी_व्हर्जन' नावाची एका ओळीची फाइल असते. तिच्यात १२ असेल तर १४ चा सर्व्हर त्या फोल्डरवर सुरूच होत नाही. १२.५ वरून १२.२० ला जाणं हा किरकोळ बदल, तिथे ही भानगड नाही.

आधी 'पीजी_एलएसक्लस्टर्स' चालवा. (क्लस्टर म्हणजे एका सर्व्हरखालचे सगळे डेटाबेस मिळून. इथे दोन्हींचं नाव 'मेन'.) उत्तर साधारण असं दिसेल :

१२ मेन ५४३२ ऑनलाइन
१४ मेन ५४३३ ऑनलाइन

तिसरा रकाना पोर्टचा, म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकावर जोडणी घेतो त्याचा. ५४३२ जुन्याने आधीच धरलेला होता म्हणून नव्याने पुढचा मोकळा पोर्ट घेतला. प्रोग्रॅम ५४३२ वर बोलतो, म्हणजे अजून १२ शीच बोलतो.

आता बॅकअप : 'सुडो -यू पोस्टग्रेस पीजी_डम्पऑल --क्लस्टर १२/मेन' आणि त्याचं आउटपुट एका फाइलमध्ये वळवा. ती फाइल 'टेल'ने उघडून शेवट बघा. डेटाबेस क्लस्टर डम्प (म्हणजे हा बॅकअप) पूर्ण झाल्याची ओळ शेवटी दिसली पाहिजे. ती नसेल तर डम्प मध्येच तुटला आहे, बहुतेक वेळा डिस्क भरल्यामुळे. फाइल पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

मग 'पीएसक्यूएल --क्लस्टर १४/मेन -एल' (तेही पोस्टग्रेस युजरनेच) चालवून १४ मध्ये काय आहे ते बघा. 'पोस्टग्रेस', 'टेम्प्लेट०' आणि 'टेम्प्लेट१' एवढीच नावं असली तर तो रिकामा. हा रिकामा १४ आधी काढावा लागतो, कारण अपग्रेडची कमांड त्याच नावाचा नवा क्लस्टर स्वतः बनवते आणि जागा अडलेली दिसली की थांबते. 'सुडो पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १४ मेन'. एंटर दाबण्याआधी आकडा पुन्हा वाचा. इथे १४ च्या जागी १२ पडलं तर ही कमांड 'नक्की का?' असं विचारत नाही, फोल्डर सरळ जातो.

शेवटी 'सुडो पीजी_अपग्रेडक्लस्टर १२ मेन'. डिस्कवर डेटाएवढी आणखी जागा मोकळी हवी. काम झालं की १४ ला ५४३२ मिळतो, १२ ला दुसरा पोर्ट मिळतो आणि तो आपोआप सुरू होणं बंद होतं. प्रोग्रॅमच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही. पोस्टजीआयएससारखं (नकाशांच्या डेटासाठीचं) एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-सुविधा, वापरत असाल तर त्याचं १४ साठीचं वेगळं पॅकेज आधी टाका. नाहीतर एक्स्टेन्शनची कंट्रोल फाइल सापडत नाही म्हणून अपग्रेड अर्ध्यावर अडकतं. आठ-दहा दिवस सगळं ठीक चाललं की १२ चा क्लस्टर काढा आणि पॅकेज त्यानंतर. उलटं केलंत, म्हणजे पॅकेज आधी गेलं, तर यादीत 'बायनरीज मिसिंग' असा शेरा येतो : डेटा पडून आहे, पण तो उघडणारा सर्व्हरच नाही.

प्रश्न : लिनक्स लॅपटॉपवर मायएसक्यूएल ८.० आहे. एका जुन्या ग्राहकासाठी ५.७ ही हवं. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या 'कंटेनर'मध्ये बंदिस्त चालवणारं साधन) ५.७ पोर्ट ३३०७ वर चालू केलं, पण होस्ट 'लोकलहोस्ट' आणि पोर्ट ३३०७ दिला तरी ८.० च उघडतं. (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोष 'लोकलहोस्ट' या शब्दाचा. लिनक्सवर मायएसक्यूएलचा क्लायंट हा शब्द दिसला की नेटवर्कवरून जातच नाही, मशिनवरची सॉकेट फाइल (त्याच मशिनवरच्या सर्व्हरशी थेट जोडणारी) पकडतो. ती फाइल ८.० ची. तुम्ही दिलेला ३३०७ तो निमूटपणे सोडून देतो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. होस्टच्या जागी १२७.०.०.१ लिहा, ५.७ मिळेल. जोडणी झाली की 'सिलेक्ट @@व्हर्जन, @@पोर्ट' विचारायची सवय लावून घ्या. पोर्टमध्ये मात्र ३३०६ च दिसेल, कारण कंटेनरच्या आत सर्व्हर ३३०६ वरच असतो. खरी खूण व्हर्जनची.

डॉकरचा रस्ता निवडलात ते बरं केलंत, कारण उबुंटूच्या पॅकेजांतून मायएसक्यूएलची दोन व्हर्जन्स शेजारी-शेजारी बसत नाहीत. फक्त पोर्ट देताना '१२७.०.०.१:३३०७:३३०६' असं पूर्ण लिहा. नुसतं '३३०७:३३०६' लिहिलं तर तो पोर्ट वाय-फायवरच्या इतर मशिनांनाही खुला होतो, आणि डॉकर स्वतःचे नियम लावत असल्यामुळे 'यूएफडब्ल्यू'चं फायरवॉल तिथे कामाला येत नाही. दोन्ही व्हर्जन्सना वेगवेगळं व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटा ठेवण्याची जागा) द्या. ५.७ चं व्हॉल्यूम चुकून ८.० ला जोडलं गेलं तर ८.० सुरू होताहोताच आतली रचना बदलून टाकतं. मग ते ५.७ ला पुन्हा उघडता येत नाही, बॅकअप हाच उपाय उरतो.

ने-आण करताना दोन ठेचा ठरलेल्या. ८.० च्या मायएसक्यूएलडम्पने ५.७ चा डेटा काढताना 'कॉलम_स्टॅटिस्टिक्स' नावाचं टेबल सापडत नाही अशी तक्रार येते; '--कॉलम-स्टॅटिस्टिक्स=०' द्या. आणि ८.० मधला डम्प ५.७ मध्ये भरताना 'यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय' हे कोलेशन (अक्षरांच्या क्रमवारीचे आणि तुलनेचे नियम) अनोळखी म्हणून एरर येते. डम्प फाइलमध्ये त्या जागी 'यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय' करून घ्या. मराठी मजकुराला धक्का लागत नाही, क्रमवारी आणि तुलना थोडी बदलू शकते. नावांच्या कॉलमवर युनिक इंडेक्स (एकच नाव दोनदा येऊ न देणारा) असेल तर तेवढं तपासा.

प्रश्न : विंडोजवर पोस्टग्रेस १३ आणि १६ दोन्ही आहेत. पीजीअॅडमिनमधून (पोस्टग्रेस हाताळायचा खिडक्यांचा प्रोग्रॅम) १६ चा बॅकअप घेताना 'सर्व्हर व्हर्जन मिसमॅच' येतं. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : पीजीअॅडमिन बॅकअपसाठी १३ च्या फोल्डरमधला पीजी_डम्प वापरतोय. जुना पीजी_डम्प आपल्यापेक्षा नव्या सर्व्हरचा बॅकअप घ्यायला नकार देतो, आणि ते योग्यच आहे, कारण नव्या गोष्टी त्याला ठाऊकच नसतात. उलट चालतं : १६ चा पीजी_डम्प १३ चा बॅकअप बिनतक्रार घेतो. फाइल मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये पाथ्स, त्यात बायनरी पाथ्स. तिथे १६ च्या ओळीसमोर प्रोग्रॅम फाइल्समधल्या 'पोस्टग्रेएसक्यूएल\१६\बिन' फोल्डरचा पत्ता द्या. कमांड प्रॉम्प्टवरून काम करत असाल तर पाथ व्हेरिएबलमध्ये १६ ची ओळ १३ च्या वर सरकवा आणि प्रॉम्प्ट बंद करून पुन्हा उघडा.

प्रश्न : ८ जीबी रॅमवर पोस्टग्रेसची तीन व्हर्जन्स झेपतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : झेपतील. प्रत्येकाचा शेअर्ड बफर (डेटासाठी राखलेली रॅम) मुळात १२८ एमबीचा असतो, नुसता बसलेला सर्व्हर फारसं काही खात नाही. जे रोज लागत नाही त्याच्या 'स्टार्ट.कॉन्फ' फाइलमध्ये 'ऑटो'चं 'मॅन्युअल' करा. विंडोजवर हेच सर्व्हिसेसच्या खिडकीतून होतं.

प्रश्न : जुना हिशेबाचा प्रोग्रॅम पोस्टग्रेस ९.६ ला जोडतो, पण त्याच मशिनवरच्या १६ ला जोडताना 'ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड' म्हणतो. पासवर्ड बरोबर आहे. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : पासवर्ड तपासण्यापर्यंत गाडी पोचतच नाही. १४ पासून पासवर्ड मुळातच 'स्क्रॅम' पद्धतीने साठवला जातो आणि तुमच्या प्रोग्रॅमच्या जुन्या ड्रायव्हरला (डेटाबेसशी बोलणारा भाग) ती पद्धत येत नाही. खरा उपाय ड्रायव्हर बदलणं. जावाचा असेल तर ४२.२.० किंवा पुढचा घ्या. ते शक्यच नसेल तर 'पासवर्ड_एन्क्रिप्शन' ला 'एमडी५' (आधीची जुनी पद्धत) करा, 'पीजी_एचबीए.कॉन्फ' मध्ये त्या युजरची ओळही 'एमडी५' करा, सेटिंग रीलोड करा आणि मग त्या युजरचा पासवर्ड नव्याने द्या. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. नुसती ओळ बदलून भागत नाही, कारण आधीचा पासवर्ड आत स्क्रॅममध्येच साठवलेला राहतो आणि एरर तीच येते.